अर्ध्यावरचा ब्रेक

"तुमची गाडी आली होती आमच्याकडे," खालच्या घरातला दंतवैद्य म्हणाला. "चहा घेऊन जा म्हटलं, तर आत कुणीच नाही."

दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडांशी बोलून दंतवैद्याला उत्तर न ऐकण्याची सवय लागली होती, त्यामुळे समोरचा गप्प राहिला तरी त्याचं काही अडत नसे. आणि समोरचा गप्पच होता. समोरचा म्हणजे वरच्या घरातला, वजनमापं तपासायच्या खात्यातून निवृत्त झालेला, ज्याला दंतवैद्य 'काय मापे' अशी हाक मारायचा तो. तो चष्मा हातात धरून उतारावर उभा होता आणि गाडी दंतवैद्याच्या फाटकाच्या खांबाला मागून टेकली होती, दमलेल्या माणसाने भिंतीला पाठ लावावी तशी. दोन कुंड्या आडव्या झाल्या होत्या. काच फुटली नव्हती, पत्र्याला पोचासुद्धा नव्हता. तो चष्मा आणायला घरात गेला होता एवढंच. चष्मा टेबलावर नव्हता, न्हाणीघरात होता, तो घेऊन बाहेर आला तर फाटकासमोर गाडी नव्हती. आधी त्याने रिकाम्या जागेकडेच पाहिलं. जागेकडे पाहत राहिलं तर गाडी तिथे परत येईल असं काहीतरी त्या क्षणी त्याच्या मनात होतं, आणि हे त्याला नंतर आठवलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण हे असं पाहत राहणं त्याच्या ओळखीचं होतं. मग त्याने खाली पाहिलं. गाडी गेली होती आणि जाताना तिने आवाज केला नव्हता. आवाज झाला असता तर बरं झालं असतं.

"ब्रेक लावला होता मी," तो म्हणाला.

"लावला असेल हो. लागला नसेल." दंतवैद्याने कुंडी उचलून माती झटकली. "बरं झालं मापे, पोरं निघाली नव्हती शाळेला. नाहीतर आमच्या फाटकात रोज हीऽ गर्दी."

ब्रेक लावल्याचं त्याच्या तळहाताला आठवत होतं. दांड्याचं थंड रबर, दात्यांची कटकट, मग तो ओळखीचा थांबा. दांडा त्याने शंभर टक्के खेचला होता. गाडी गिअरमध्ये ठेवायला हवी होती, पण चष्म्यापुरतं कोण ठेवतं. सोमवारपासून याच गाडीतून तो नातीला बालवाडीत सोडणार होता. मुलीची नोकरी बदलली होती, कामाच्या पाळ्या विचित्र होत्या, आणि नात, जिला सगळे टिंगू म्हणायचे, आठवड्यातले पाच दिवस त्याच्याकडे राहणार होती. खोलीत छोटी खाट आली होती. पंख्याचं बटण तिच्या हाताला लागू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून झाली होती. आज दुपारी मुलगी तिचे कपडे घेऊन येणार होती आणि, तोंडाने म्हणाली नसली तरी, सगळं बघून जाणार होती. बघण्यात ती पटाईत. विमानतळावर लोकांच्या बॅगा यंत्रातून बघायचं तिचं काम होतं, बंद बॅगेतली कात्री तिला बाहेरून दिसायची. घरात एवढा मोठा पोकळपणा राहिला होता की टिंगू आली नाही तर तो कशाने भरायचा हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि घरंगळणाऱ्या गाडीच्या घरात कुठली आई आपलं पोर ठेवेल.

"लेकीला सांगू नका," तो दंतवैद्याला म्हणाला.

"मी कशाला सांगतोय," दंतवैद्य म्हणाला, आणि तेव्हाच कळलं की हा सांगणार.

गाडी त्याने अंगणात आणली. अंगण सपाट होतं. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, मागची बाजू जॅकवर उचलली आणि खाली दोन लोखंडी घोड्या सरकवल्या. मागची चाकं जमिनीपासून वीतभर वर, अधांतरी. हे तिने शिकवलेलं. ती म्हणजे त्याची बायको, मोटार चालवायला शिकवणारी, जिच्या हाताखालून अर्धं गाव गाडी शिकून गेलं आणि जिला विद्यार्थी मागून 'ब्रेकबाई' म्हणायचे. हँडब्रेकसाठी ती कधी गॅरेजात गेली नाही. वर्षातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, जुनी सतरंजी टाकून ती मागच्या चाकाशी बसायची आणि तो चालकाच्या जागेवर. हे दोघांचं काम. एकाने आत दांडा खेचायचा, दुसऱ्याने बाहेर चाक फिरवून बघायचं. "खेच," ती म्हणायची. तो खेचायचा. "सोड." तो सोडायचा. दोन शब्दांत सकाळ जायची. "अरे, ब्रेक लावतोयस की नाडी बघतोयस त्याची," असंही एकदा म्हणाली होती. त्याचा हात हलका. नोकरीत त्याने आयुष्यभर पितळी वजनं चिमट्याने उचलली, कारण बोटाच्या घामालासुद्धा वजन असतं. जोर लावणं म्हणजे माप बिघडवणं, हे त्याच्या हातात मुरलेलं. तिचा हात जड. गिअर ती असा टाकायची की गाडीला पुन्हा विचार करायला जागा नको.

आणि अरे. घरात ती त्याला अहो म्हणायची, लोकांत अहो, लग्नकार्यात तर फारच अहो. गाडीत बसली की तू. कारण तो तिच्याकडेच गाडी शिकला होता, तिथूनच सगळं सुरू झालेलं, आणि तिच्या मते गाडीत विद्यार्थी हा विद्यार्थीच. दार लावलं की तू, दार उघडून उतरलं की अहो. "आई, बाबा गाडीत बसले की लहान होतात का," मुलगी शाळेत असताना विचारायची. शिकवायच्या गाडीत तिच्या पायांशी वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक होता, घरच्या गाडीत नव्हता, म्हणून घरच्या गाडीत ती बाजूला बसली की तिचा हात दोघांमधल्या हँडब्रेकवर असायचा. वर्षानुवर्षं. सहज ठेवल्यासारखा, पण सहज नाही. तो गाडी चालवतोय आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात तो हात. नंतर नंतर त्याला तो हात दिसेनासा झाला होता, जशी भिंतीवरची खुंटी दिसेनाशी होते. आता दिसत होता. आता काही महिने तो रोज दिसत होता, कधी सिग्नलला, कधी मंडईच्या वळणावर, आणि तो तिकडे न बघता गाडी चालवायचा, कारण बघितलं तर नसेल.

त्या दिवशी पुलाच्या चढावर —

पाना सापडला. सीटखालच्या पत्र्याच्या डब्यात होता. त्याने पुढच्या दोन सीटांमधलं झाकण उचकटलं, दांड्याच्या मुळाशी असलेलं रबरी आवरण मागे केलं. आत धूळ, एक चिकटून बसलेली पेपरमिंटची गोळी, केसांचा एक आकडा. आकडा त्याने खिशात टाकला. आणि तिथे, जिथे केबलची सळी येते आणि तिच्यावर नट बसतो, तिथे ती रेघ होती. विटकरी रंगाची. नखांना लावायचा रंग. नट पक्का केला की ती त्यावरून सळीपर्यंत एक सरळ रेघ ओढायची, म्हणजे पुढे नट आपोआप ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसावी. स्वतः तिने नखं कधी रंगवली नाहीत. ती बाटली खास यासाठी आणलेली, आणि लहानपणी मुलीने मागितली की म्हणायची, "हात लावू नकोस, ते नटाचं आहे." मुलगी शाळेत मैत्रिणींना सांगायची, आमच्याकडे आईपेक्षा गाडी नटते. रेघ सरळ होती. कुठेही तुटली नव्हती. नट जागचा हललेला नव्हता. म्हणजे तिने शेवटचा आवळला तिथेच तो होता, तेवढाच, तिच्या मनगटाने जिथे पुरे म्हटलं तिथे. घरातल्या सगळ्या गोष्टी हळूहळू हलल्या होत्या. तिची उशी मुलीने उन्हात घातली, चपला कुणीतरी दिल्या, डबे मोलकरणीने वेगळ्या क्रमाने लावले, आरशासमोरचा कंगवासुद्धा आता त्याचा. हा एक नट तेवढा राहिला होता.

तो बराच वेळ वाकून बसला. कमरेत कळ आली. हा नट फिरवला नाही तर ब्रेक लागणार नाही, ब्रेक लागला नाही तर टिंगू येणार नाही. हिशेब सरळ होता. तरी त्याने आधी दुसरं सगळं करून पाहिलं. पायातला ब्रेक पुन्हा पुन्हा दाबला, म्हणजे आतले लायनर आपापल्या जागी बसतात, हे तिचंच. केबल खालून चाचपली, कुठे अडकली नव्हती. दांडा खेचून उतरला, मागच्या चाकाशी गेला, चाक फिरवलं, चाक फिरलं. परत येऊन बसला, खेचला, उतरला, गेला. फिरलं. दोघांचं काम एकट्याने करताना माणूस किती चालतो. चौथ्या-पाचव्या फेरीला तो आत बसला असताना त्याला स्पष्ट वाटलं की मागे कुणीतरी चाक धरून वाट बघतंय, आपण खेचत का नाही म्हणून. त्याने आरशात पाहिलं नाही. तो खाली मान घालून म्हणाला, "खेचला की," आणि आपलाच आवाज बंद काचांत ऐकून दचकला. मागून कुणी सोड म्हटलं नाही. त्यामुळे तो दांडा धरूनच बसला, तळव्याला रग लागेपर्यंत, आणि मग त्याला स्वतःचाच राग आला, साधा, चहा उतू गेल्यावर येतो तसा राग. त्या रागातच त्याने पाना नटावर चढवला आणि फिरवला.

रेघ तुटली. नटावरचा तुकडा एकीकडे गेला, सळीवरचा जागीच राहिला. काही झालं नाही. बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

एकदा तुटल्यावर मग भीती नव्हती, उलट घाई होती. त्याने आवळला, खेचून पाहिला, उतरून चाक फिरवलं. फिरलं. आणखी आवळला. फिरलं, पण जड. आणखी. दरवेळी दांडा तो खेचायचा तेवढाच खेचत होता, त्याच्या हाताच्या त्या ओळखीच्या थांब्यापर्यंत, आणि दरवेळी नटच थोडा पुढे जात होता. शेवटी चाक थांबलं. दोन्ही हातांनी जोर लावला तरी हललं नाही. दुसऱ्या बाजूचंही नाही. त्याला इतका आनंद झाला की चाकाला थाप मारली, बैलाला मारतात तशी. मग आत गेला, बटण दाबून दांडा खाली केला, परत आला आणि चाक फिरवलं. चाक फिरलं नाही. दांडा खाली होता. पुन्हा जाऊन पाहिलं, पार खाली होता. चाक खांद्याने रेटल्यावर कण्हत थोडं फिरलं आणि थांबलं. आतून धातूवर काहीतरी घासल्याचा लांबट आवाज येत राहिला, कुणी झोपेत बोलावं तसा. ब्रेक लागला होता, पण सुटत नव्हता. "लागणं काय, लागतो कुणाचाही," ती विद्यार्थ्यांना म्हणायची, "सुटला पाहिजे." असा ब्रेक घेऊन गाडी चालवली तर लायनर तापतात, जळका वास येतो, आणि तो वास —

चालवून चालवून होईल मोकळं, त्याने ठरवलं. नवी चप्पल नाही का चावत आधी. त्याने फडक्याने हात पुसले. आणि गाडीच्या टपावरून त्याला दिसलं की मुलगी टिंगूला कडेवर घेऊन चढ चढता चढता दंतवैद्याच्या फाटकाशी थांबली आहे, आणि दंतवैद्य दोन्ही तळवे समोर धरून एक तळवा दुसऱ्याकडे हळूहळू, फार प्रेमाने, सरकवत आणतो आहे.

मुलगी अंगणात आली तेव्हा तिने आधी घोड्यांकडे पाहिलं, मग त्याच्या काळ्या हातांकडे.

"बाबा, गाडी घरंगळली?"

"थोडी."

"थोडी म्हणजे किती?"

"डॉक्टरांच्या फाटकापर्यंत."

"म्हणजे पूर्ण. त्याच्यापुढे गल्लीच नाही." तिने टिंगूला पायरीवर बसवलं. "आणि मला सांगणार नव्हतात."

"सांगण्यासारखं उरलंच नाही आता. केलाय नीट. बघ हवं तर."

"आजोबा, गाडीला पाय आले?" टिंगूने घोड्यांकडे बोट दाखवून विचारलं.

"आले ना. दमली होती फार."

मुलगी चाकाशी बसली. आईसारखीच, एक गुडघा टेकवून. त्याने तिकडे पाहायचं टाळलं. "सोडलाय?" तिने विचारलं. सोडलाय, तो म्हणाला. तिने चाकाला धक्का दिला, मग दोन्ही हातांनी रेटलं. "मग हे फिरत का नाही?"

"नुकताच आवळलाय. होईल हळूहळू."

"बाबा, काहीही काय बोलताय. हा लागूनच बसलाय. टिंगू मागे बसलेली असताना चाकातून धूर निघाला म्हणजे?" ती उठून आत वाकली, उघड्या झाकणात पाहिलं. तिला रेघेचे दोन तुकडे दिसले असणार. ती हात मागे करून म्हणाली, "पाना द्या." त्याने पाना दिला. तिने नट मागे फिरवला, थोडा थोडा, त्याला चाकाशी उभं करून. खेचते, ती म्हणायची, बघा. सोडते, बघा. बघता बघता झालं. खेचला की चाक गच्च, सोडला की मोकळं, हलक्या हातानेही गरगर फिरून आपोआप थांबणारं. सकाळपासूनचं सगळं काम तिने एवढ्याशा वेळात उलगडून पुन्हा घातलं. बिघाड असा फारसा नव्हताच. "झालं," ती म्हणाली. "दांडा जरा उंच येतो, पण छान लागतोय. आता तुम्ही बसा."

"मी कशाला. झालं म्हणालीस ना."

"गाडी मी नाही चालवणार, तुम्ही चालवणार. बसा."

तो बसला. खेचला. मागून तिचा आवाज आला, "खेचलात?"

"हो."

"फिरतंय."

त्याने सोडून पुन्हा खेचला.

"फिरतंय बाबा. अजून खेचा."

"एवढाच येतो."

ती उठून खिडकीशी आली आणि त्याच्या मुठीकडे बघत राहिली, यंत्राच्या पडद्याकडे बघत असेल तशी. मग तिने हात आत घातला, त्याच्या मुठीच्या वर दांड्याचं टोक धरलं आणि बोटांनी वर ओढलं. कट, कट, कट. दांडा सहज वर गेला आणि त्याची मूठ सुटून मांडीवर पडली. "एवढा येतो," ती म्हणाली. "केबलला काही झालेलं नव्हतं. तुम्ही अर्ध्यावर थांबताय. कधीपासून असं थांबताय?"

कधीपासून. त्याने मुठीकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता, त्याच्या हातासाठी दांडा तिथेच संपत होता, तिथे काहीतरी होतं, मऊ, कोमट, आणि त्याच्या पलीकडे दांडा आहे हे त्याला आत्ता कळत होतं. पूल. सकाळपासून तिला बरं वाटत नव्हतं, नुसतं दाखवून येऊ म्हणाली, साडी बदलली, बाजूला बसली आणि हात दांड्यावर ठेवला, रोजच्यासारखा. पुलाच्या चढावर गाड्या थांबल्या. पुढे ट्रक होता. आणि ती म्हणाली, "अहो, जरा थांबता का." गाडीत. दार बंद असताना. इतक्या वर्षांत कधी नव्हे ते गाडीत अहो. त्याला वाटलं गंमत करतेय. तो म्हणाला, थांबलोच आहोत की, आणि चढावर गाडी मागे जायला नको म्हणून हँडब्रेक लावायला हात खाली नेला तर तिथे तिचा हात होता, मग त्याने तिच्या हातावर हात ठेवून तिच्या हातासकट दांडा खेचला. दोन-तीन दाते वर गेला, आणि मग तिचा हात पुढे येईना. जड झाला. त्याला वाटलं ती पुरे म्हणतेय. गाडीत तिचा शब्द शेवटचा. त्याने दांडा तिथेच ठेवला, वरचा भार पायावर घेतला, पायाने ब्रेक दाबून बसला. पोटरीत गोळा आला तरी बसला. बोलत होता. दंतवैद्याने नवीन पाटी लावली त्यात 'दंत'वरचं टिंब राहिलंय, असलं काहीतरी, आणि ती ऐकतेय असं धरून आणखी बोलत होता. ट्रक हलला तेव्हा त्याने तिचा हात हलवला नाही, दांडा खाली केला नाही. तिचा हात होता ना त्यावर. तसाच अर्धा लागलेला ब्रेक घेऊन त्याने गाडी पूल उतरवली, तीन चौक नेली, जळका वास येत होता आणि तो म्हणाला, बघ हा ट्रक कसा धूर सोडतोय. रुग्णालयाच्या दारात कुणीतरी तिच्या बाजूचं दार उघडलं. तिथले डॉक्टर म्हणाले, पुलाच्या आसपासच गेल्या असतील. त्याला आसपास नको होतं. त्याला माहीत होतं कुठे. तिसरा दाता संपून चौथा लागायच्या आधी.

"बाबा?"

"इथपर्यंतच होता तिचा हात," तो म्हणाला.

मुलीला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला ठाऊक होतं ते एवढंच, की आई वाटेत गेली. ती खिडकीशी तशीच उभी राहिली, एक हात दारावर. टिंगू पायरीवरून उतरून गाडीभोवती फिरत होती आणि प्रत्येक चाकाला आपण कोण ते सांगत होती. मुलीने नाक पुसलं, मनगटाने, कारण बोटांना ग्रीस होतं.

"मी हिला तुमच्याकडे अशी नाही ठेवू शकत," ती म्हणाली. रागाने नाही. "कळतंय ना तुम्हाला? तुम्हाला वाटेल लावलाय, आणि नसेल."

"कळतंय."

"नुसतं कळून नाही चालणार."

 तिने घोड्या काढल्या, जॅक उतरवला. तो मदतीला उठायला लागला तर राहू द्या म्हणाली. गाडी जमिनीवर आली तेव्हा तो आतच बसलेला होता. "बाहेर काढा," ती म्हणाली. "उतारावर घ्या." त्याने गाडी मागे घेत फाटकाबाहेर आणली, नाक वर आणि पाठ खाली अशी, सकाळी होती तशीच. पायाने ब्रेक दाबून धरला. ती टिंगूला घेऊन खाली गेली, फाटकाशी उभ्या असलेल्या दंतवैद्याच्या हातात तिला दिलं. दंतवैद्य तिच्याशी काहीतरी बोलला, आणि पहिल्यांदाच तो उत्तरासाठी थांबलेला दिसला. मग मुलगी परत वर आली आणि गाडीच्या मागे, अगदी जवळ, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

त्याला समजलं. तिची आई शिकवणीच्या शेवटच्या दिवशी हेच करायची. विद्यार्थ्याला चढावर गाडी थांबवायला सांगायची, स्वतः उतरायची आणि गाडीच्या मागे जाऊन उभी राहायची. पोरं रडकुंडीला यायची. एक बँकेतला साहेब तर, बाई, मी नापास झालो असं समजा, म्हणत पळून गेला होता.

"बाजूला हो," त्याने खिडकीतून मान काढून म्हटलं. "लागेल काहीतरी."

"तुम्ही लावा ब्रेक."

"अगं, तू बाजूला —"

"बाबा, दंतवैद्यांच्या दवाखान्यात पेशंट खोळंबलेत."

त्याने मान आत घेतली. गिअर काढून गाडी न्यूट्रल केली. उजवा पाय पेडलवरच होता. त्याने दांडा धरला आणि खेचला, कट, कट, कट, आणि ते आलं. तो थांबा. मऊ, कोमट, पुरे म्हणणारं. बाजूच्या सीटवर उन्हाचा पट्टा पडला होता आणि त्यात धूळ फिरत होती, आणि त्याने न पाहताही त्याला माहीत होतं की तिथे आत्ता ती आहे, साडी नीट केलेली, तोंड खिडकीकडे. इथे सोडलं तर ती राहील. आरशात मुलीचा खांद्यापासून कमरेपर्यंतचा तुकडा दिसत होता, बाकी काही नाही, डोकंही नाही. त्याच्या मनगटाला घाम आला. आयुष्यभर ज्या हाताने कशाला जोर लावला नाही तो हात त्याने आवळला. आपण कुणाचं तरी मनगट मुरगाळतोय असं वाटलं, बोटं एकेक करून सोडवतोय असं, आणि तो मोठ्याने, दार बंद असलेल्या गाडीत, अगं जरा, अगं जरा, असं काहीतरी म्हणत होता. कट. चौथा. पुढचा. दांडा पार वर गेला आणि आपोआप अडला.

तिथे काही नव्हतं. रबर होतं, त्याच्या खाली लोखंड. सीटवर ऊन होतं. त्याने नीट वळून पाहिलं, बऱ्याच महिन्यांनी, आणि सीट रिकामी होती, इतर कुठल्याही रिकाम्या सीटसारखी, कापडाला कडेला एक डाग. दुःख वगैरे काही नाही, फक्त थंडी वाजली, भर दुपारी, पाठीच्या मणक्यातून खाली. एवढंच अंतर होतं. दोन-तीन दाते. एवढ्यात ती गेली होती आणि एवढ्यासाठी तो इतके दिवस अर्ध्यावर उभा होता.

मग त्याने पेडलवरचा पाय उचलला.

गाडीने एकदा अंग सावरल्यासारखं केलं, बोटभर मागे टेकली आणि थांबली. त्याने आरशात पाहिलं. मुलगी हलली नव्हती. आता त्याला कळलं की ती गाडीकडे तोंड करून उभीच नव्हती. तिची पाठ होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं, पाय उचललाय की नाही हे बघितलं नव्हतं. पाठ ताठ होती आणि दोन्ही हातांच्या मुठी कमरेशी घट्ट मिटलेल्या.

"डॉक्टर," ती न वळता खाली ओरडून म्हणाली, आणि तिचा आवाज मध्येच चिरकला, "सोमवारपासून ही इथेच असेल हं. हिला गोळ्या-चॉकलेटं देऊ नका."

"मी?" दंतवैद्य म्हणाला. "माझा धंदा बुडवताय तुम्ही."

टिंगू हसली, कशाला ते तिला माहीत. तो गाडीतच बसून राहिला. दोन्ही पाय खालच्या रबरावर टेकलेले होते आणि त्यांना करायला काहीही नव्हतं.